दम्याला इम्युनिटी पाजू नका

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत परवा एका वक्त्यांनी दम्याचा निकाल दोन वाक्यांत लावून टाकला. प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून दमा होतो. ती वाढवा, दमा आपोआप पळेल. टाळ्या पडल्या. मग शक्ती वाढवण्याचे उपाय आले: काढा, च्यवनप्राश, गुळवेल, पहाटे उठणं. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, ‘तो स्टेरॉइडचा पंप तेवढा हळूहळू सोडा, उरलीसुरली शक्ती तोच मारतो.’ पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, ‘म्हणजे तपकिरी पंप बंद केला तर चालेल?’ वक्ते हसून म्हणाले, ‘निळा असू द्या, अडीनडीला.’

मी चौथ्या रांगेत होतो. सातव्या वर्षापासून दमा माझ्या सोबतीला आहे आणि तीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आहे. या दोन्ही नात्यांनी मी तिथेच उठायला हवं होतं. उठलो नाही, कारण तेवढ्यात आभार सुरू झाले, आणि आपल्याकडे आभार मानणाऱ्याला कुणी अडवत नाही. म्हणून हे लिहिणं.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. ‘रोगप्रतिकारशक्ती’ या लांबलचक शब्दाच्या शेपटाला ‘शक्ती’ लटकलेली आहे, आणि शक्ती म्हटली की डोळ्यांपुढे पाण्याची टाकी येते: पातळी उतरली, भरा. 2020 पासून तर तिचं इंग्रजी नाव थेट स्वयंपाकघरात शिरलं आणि हळदीच्या दुधापासून मिठाईच्या खोक्यापर्यंत सगळीकडे चिकटलं. शरीरात अशी टाकी कुठेही नाही. आहेत त्या पेशी, अनेक जातींच्या, प्रत्येकीचं काम वेगळं. काहींचं तर कामच मुळी दुसऱ्या पेशींना गप्प बसवण्याचं. वर्गात मी विचारायचो, ‘ग्रामपंचायतीची शक्ती वाढवा’ असं कुणी म्हणालं तर नेमकी कुणाची वाढवायची? सरपंचाची, ग्रामसेवकाची, की पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची? दम्यात पाटकऱ्याने दारं भलतीकडे उघडलेली असतात. तिथे ‘शक्ती वाढवा’ म्हणणं म्हणजे त्याला आणखी दोन फावडी देणं.

वक्त्यांच्या पहिल्या वाक्यापुढे एक पेशी उभी करतो. पॉल एरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1879 साली रक्ताच्या थरावर इओसिन नावाचा लाल रंग टाकला, आणि काही पांढऱ्या पेशींच्या पोटातले दाणे तांबड्यालाल झाले. त्याच इओसिनोफिल. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत त्यांचा वाटा फार तर चार-पाच टक्के. त्यांच्या दाण्यांतली प्रथिनं जंतासारख्या मोठ्या परोपजीवींच्या कातडीला भोकं पाडण्याइतकी जहाल असतात. बऱ्याच दमेकऱ्यांच्या बेडक्यात याच पेशी ढिगाने सापडतात. फ्रान्सच्या शार्कोने 1853 साली आणि जर्मनीच्या लायडनने 1872 साली सुईसारखे टोकदार स्फटिक पाहून ठेवले होते. लायडनने तर ते दमेकऱ्यांच्या बेडक्यातच पाहिले. हे स्फटिक म्हणजे फुटलेल्या इओसिनोफिलमधून सांडलेलं एक प्रथिन. दीडशे वर्षं ते नुसती खूण म्हणून ओळखले गेले. 2019 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवलं की हे स्फटिक स्वतःच आग भडकवतात. म्हणजे फौज हजर, हत्यारं परजलेली, वापरूनही झालेली. यात शक्ती कमी कुठे पडली?

दुसरा पुरावा प्रतिपिंडांचा. 1921 मध्ये ब्रेस्लाऊ शहरात प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोघांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनरला शिजवलेल्या माशाचं वावडं होतं, प्राउस्निट्झला नव्हतं. क्युस्टनरच्या रक्तद्रवाचा थेंब प्राउस्निट्झने आपल्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथेच गांधी उठली. वावडं रक्तातून उसनं घेता येतं हे सिद्ध झालं. ते रक्तातलं काय, हे कळायला 1966 उजाडावं लागलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ते शोधलं, तेही स्वतःच्या कातडीवर गांधी उठवून घेत. आज आपण त्याला आयजीई म्हणतो. रक्तात ते इतर प्रतिपिंडांच्या मानाने हजारो पटींनी कमी असतं, पण मास्ट नावाच्या पेशी ते आपल्या अंगावर खोचून बसतात. परागकण किंवा धुळीतलं प्रथिन येऊन त्याला टेकलं की काही मिनिटांत हिस्टामिन आणि त्याचे भाईबंद बाहेर पडतात आणि छाती आवळते. ज्याचं आयजीई मुळातच चढं आहे त्याला ‘प्रतिकार वाढवा’ हा सल्ला म्हणजे आगीच्या बंबातून रॉकेल सोडण्याचा प्रकार.

इथवर वाचून सुशिक्षित वाचक मान डोलावतील: बरोबर, प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते, ती जास्त झालेली असते. हे वाक्य मीही वीसेक वर्षं वर्गात ऐकवलं आहे, परीक्षेत त्याला दोन गुणही दिले आहेत. आज ते मागे घेतो. टाकी तीच, फक्त पाणी वर दाखवलं. वक्त्यांशी माझं भांडण जितकं आहे तितकंच माझ्या जुन्या वहीशी आहे.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी 2002 साली जे दाखवलं त्याने माझी वही फाटली. इओसिनोफिलिक ब्राँकायटिस नावाचा एक आजार आहे. या रुग्णांना ढास लागते, त्यांच्या बेडक्यात दमेकऱ्यांइतकेच इओसिनोफिल असतात, श्वासनलिकेच्या अस्तराखालचा थरही तसाच जाड होतो. पण त्यांची छाती आवळत नाही. दम लागत नाही, घरघर नाही, चाचणीत श्वासनलिका अकारण दचकत नाहीत. मग फरक कुठे? डॉक्टरांनी श्वासनलिकेचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंच्या आत मास्ट पेशी घुसून बसल्या होत्या. दुसऱ्या रुग्णांत त्या तिथे जवळजवळ नव्हत्या. संख्येपेक्षा मुक्काम महत्त्वाचा ठरला. तीच पेशी अस्तरात बसली तर खोकला, स्नायूत शिरली तर दमा. ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांच्या तराजूत हा फरक कुठल्या पारड्यात घालणार?

आणखी एक गंमत. इओसिनोफिलला पोसणारं इंटरल्यूकिन-5 नावाचं रसायन अडवणारं औषध 2000 साली सौम्य दम्याच्या थोड्या रुग्णांवर वापरून पाहिलं. इओसिनोफिल धडाधड उतरले, पण वावड्याच्या पदार्थाने छाती आवळण्यात काडीचा फरक पडला नाही. लगेच निकाल आला: इओसिनोफिल निर्दोष. 2009 मध्ये तेच औषध, मेपोलिझुमॅब, ज्यांच्या बेडक्यात उपचारानंतरही इओसिनोफिल टिकून होते आणि ज्यांना वारंवार झटके येत होते, अशा निवडक रुग्णांना दिलं. झटके चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. श्वासनलिकांचा दचकण्याचा स्वभाव मात्र होता तसाच राहिला. म्हणजे मोठा झटका आणण्यात इओसिनोफिलचा हात आहे, रोजच्या आवळण्यात स्नायूचा. एकाच छातीत दोन खटले चालू होते आणि आपण एकच निकाल मागत होतो.

आता ज्या पेशींना आपल्याकडच्या चर्चेत कुणी विचारतच नाही त्यांच्याकडे येतो. श्वासनलिकेचं अस्तर. लहानपणी मला वाटायचं, आणि वक्त्यांनाही वाटत असावं, की श्वासनलिका म्हणजे नळाचा पाइप: आतून कफ साचतो, काढला की मोकळा. या पाइपाची आतली भिंत जिवंत आहे. तिच्यावर रोमक असलेल्या पेशी आहेत, त्या दिवसरात्र लाट काढून कचरा घशाकडे ढकलतात. मधे मधे पेल्याच्या आकाराच्या चषक पेशी आहेत, त्या बुळबुळीत श्लेष्मा सोडतात. सगळ्या एकमेकींना घट्ट शिवलेल्या, गोधडीच्या टाक्यांसारख्या.

गादी-उशीत राहणारे धुळीतले माइट आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. त्यांच्या विष्ठेत एक प्रथिन असतं, आणि ते नुसतं ‘परकं’ नसतं, ते कात्रीचं काम करतं: अस्तरातले टाके उसवतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट गादी ही त्यांची चैन. उसवलेल्या, दुखावलेल्या अस्तराच्या पेशी मग ओरडतात. त्या आरोळीची नावं रुक्ष आहेत: टीएसएलपी, आयएल-33, आयएल-25. पण अर्थ गावातल्या दवंडीचा आहे. ही दवंडी ऐकून टी पेशी तर येतातच. शिवाय 2010 मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी टिपलेल्या आणखी एका जातीच्या पेशी, आयएलसी-2, उठतात. त्यांना आयजीईची, वावड्याच्या आठवणीची गरजच नसते. दवंडी पिटली की त्या इंटरल्यूकिन-5 आणि 13 ओततात. पाचाने इओसिनोफिल पोसले जातात, तेराने चषक पेशी माजतात. म्हणून ज्यांची वावड्याची एकही चाचणी लागत नाही अशांनाही इओसिनोफिलवाला दमा होतो. माझ्या एका आत्याला तो पन्नाशीत झाला, आणि घरातल्यांनी वर्षभर ‘तुला कशाची तरी अ‍ॅलर्जी असणारच’ म्हणत तिचं वांगं, दही, केळं बंद केलं. बिचारी वर्षभर भरताला मुकली.

हा उसवण्या-ओरडण्याचा भाग माझ्या पदरचा नाही. 2010 साली युरोपातल्या संशोधकांच्या गटाने दहा हजारांहून अधिक दमेकऱ्यांची जनुकं त्याहून अधिक निरोगी माणसांशी ताडून पाहिली. दम्याशी बांधलेल्या जागांत आयएल-33 चं जनुक होतं, त्याचा निरोप घेणारं जनुक होतं, म्हणजे अस्तराच्या दवंडीचीच यंत्रणा. आणि आयजीई कमी-जास्त करणारी जनुकं? ती दम्याच्या यादीत जवळजवळ आलीच नाहीत. चढलेलं आयजीई बऱ्याचदा दम्याच्या मागून येतं, पुढून नाही, असा त्या अभ्यासाचा कल निघाला. मग 2021 च्या अखेरीस अमेरिकेत टीएसएलपी अडवणाऱ्या टेझेपेलुमॅबला मान्यता मिळाली. ते दवंडी पिटणाऱ्याच्या तोंडावरच हात ठेवतं, आणि ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल फारसे नाहीत त्यांचेही झटके काही प्रमाणात कमी करतं. सगळा दोष पांढऱ्या पेशींच्या ‘शक्ती’चा असता तर अस्तराचं तोंड दाबून काय साधलं असतं?

प्रतिपक्षाच्या बाजूचा सर्वांत भारी पुरावाही मीच मांडतो, कारण वक्त्यांना तो ठाऊक नव्हता. एका अर्थाने दमेकऱ्यात काहीतरी खरंच कमी असतं. 2005 मध्ये साउथहॅम्प्टनच्या प्रयोगशाळेत दमेकऱ्यांच्या अस्तराच्या पेशींवर सर्दीचा विषाणू सोडला. निरोगी पेशी अशा वेळी इंटरफेरॉन सोडून विषाणूला रोखतात. या पेशींनी ते तोकडं सोडलं आणि विषाणू फोफावला. सगळ्या प्रयोगशाळांना हे सारखंच सापडलं नाही, पण सर्दी झाली की दमा उचल खातो हा प्रत्येक दमेकऱ्याच्या घरचा अनुभव त्याच्याशी जुळतो. मग वाढवा ना इंटरफेरॉन! तेही केलं: हुंगायचं इंटरफेरॉन बनवून 2014 साली सर्दी झालेल्या दमेकऱ्यांना दिलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर ठरवलेला फायदा दिसला नाही.

आणि याच्या नेमकं उलट काय घडलं पाहा. अमेरिकेच्या शहरी वस्त्यांतल्या दमेकरी मुलांना ओमालिझुमॅब दिलं. हे औषध आयजीईला धरून बांधून ठेवतं, म्हणजे प्रतिकाराचा एक हात कमीच करतं. शाळा उघडल्यावर सर्दीच्या साथीबरोबर येणारी झटक्यांची लाट त्या मुलांत जवळपास सपाट झाली. पुढे 2015 मध्ये कळलं की औषध घेणाऱ्या मुलांच्या पेशी सर्दीच्या विषाणूविरुद्ध आता जास्त इंटरफेरॉन सोडत होत्या. एक हात बांधला तेव्हा दुसरा मोकळा झाला. ही गोष्ट मी वक्त्यांना शांतपणे, चहा पाजून सांगायला तयार आहे. ‘शक्ती वाढवा’ या सल्ल्याने ती समजावून दाखवावी.

‘आमची शेणामातीत वाढलेली मुलं बघा, कुठे असतो त्यांना दमा?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. प्रश्न चांगला आहे. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे शेती करून राहणारे दोन समाज आहेत, वंशाने जवळचे, राहणी साधी. आमिश कुटुंबं घरालगतच्या गोठ्यात वावरतात, घोड्यांनी शेती करतात. हटराइटांची शेती यंत्रांची आणि वस्तीपासून दूर. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दमा 5 टक्क्यांच्या आसपास निघाला, हटराइट मुलांत 21 टक्क्यांच्या. आमिश घरांतल्या धुळीने उंदरांतही दमा रोखला. पण हा बचाव घडतो कुठे? त्याच्या आदल्या वर्षी बेल्जियमच्या संशोधकांनी उंदरांच्या फुप्फुसाच्या अस्तरातून ए-20 नावाचं एक प्रथिन काढून टाकलं, आणि शेतातल्या धुळीचा सगळा गुण गेला. हे ए-20 पेशीला शांत ठेवणारं प्रथिन आहे. गोठ्याची धूळ अस्तराला बळ देत नाही, त्याला चटकन न भडकायला शिकवते, आणि तेही बालपणी. पासष्टीच्या आजींनी आता गोठा झाडायला घेतला तर फक्त झटका येईल.

एकाच शब्दात दम्याचा खुलासा करण्याची हौस जुनी आहे आणि तिची किंमत नेहमी रुग्णाने मोजली आहे. लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टर या डॉक्टरांनी 1860 साली दम्यावर पुस्तक लिहिलं. ते स्वतः दमेकरी होते. त्यांचं निरीक्षण अजोड, पण निदान एकच: नसांचा झटका. औषध म्हणून ते कडक कॉफी सुचवत, आणि कॉफीने थोडं बरं वाटायचंही, कारण कॅफीन हे थिओफिलिन या दम्याच्या औषधाचं चुलत भावंड. विसाव्या शतकात ‘नसा’ जाऊन ‘मन’ आलं. 1941 मध्ये शिकागोच्या मनोविश्लेषकांनी मांडलं की दम्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेलं रडणं. डेन्व्हरच्या बालदमा संस्थेत मुलांना महिनोन् महिने आईवडिलांपासून तोडून ठेवत. या उपचाराला अपेंडिक्स काढण्याच्या चालीवर ‘पेरेंटेक्टमी’ असं नाव होतं. काही मुलं सुधारतही, कारण घरची गादी आणि घरचं मांजर मागे राहायचं. खरा टोला पुढे आहे. इशिझाका दांपत्याने आयजीई शोधलं ते याच संस्थेच्या प्रयोगशाळेत. वॉर्डात आईला दोष, प्रयोगशाळेत प्रतिपिंडाचा शोध.

आपल्याकडचे ठरलेले उपचारही झरझर पाहून घेऊ. कोजागरीच्या चांदण्यात खिरीतून दिलं जाणारं औषध, मृगाला हैदराबादेत जिवंत माशाच्या तोंडून पोटात जाणारी पिवळी गोळी. दोन्हीकडे माणसं लांबून, रांगा लावून येतात. दमा ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो, म्हणून उताराच्या तोंडावर घेतलेलं काहीही गुणकारी वाटतं. चरकसंहितेने तमकश्वासाचं वर्णन करताना ढग, पाऊस, गारठा यांनी दम वाढतो आणि बसून राहिलं की बरं वाटतं, हे टिपून ठेवलं आहे; तो वैद्य रुग्णाच्या उशाशी जागलेला होता. त्याचं नाव घेऊन ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्यांनी निदान तो श्वासाचा अध्याय उघडून पाहावा. आणि ‘हमखास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत चोरून मिसळलेलं स्टेरॉइड तपासण्यांत अनेकदा सापडलं आहे. पंपाला भिऊन पळालेला माणूस तेच औषध कित्येक पटींनी, मोजमापाशिवाय गिळतो.

स्टेरॉइडच्या भीतीचं गणित करू. बुडेसोनाइडच्या पंपाच्या एका झुरक्यात साधारण 200 मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठ्या झटक्यात डॉक्टर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात त्या दिवसाला 40 मिलिग्रॅम, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी, जोर वेगळा, तरी अंतर डोळ्यांत भरण्याइतकं आहे. पंपाचे दुष्परिणाम नाहीत असं मी म्हणणार नाही. आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. चूळ भरली तर बरीच टळते. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची प्रौढपणी उंची सरासरी 1.2 सेंटीमीटरने कमी भरली, हे अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात मोजलेलं आहे. पण ‘प्रतिकारशक्ती मारतो’ हा आरोप इथे लागत नाही. पंपातलं औषध मुख्यतः अस्तराला गप्प करतं आणि इओसिनोफिलना लवकर मरू देतं. जखमेवर फुंकर घालणाऱ्याला हल्लेखोर म्हणण्यासारखं ते आहे.

आणि आता ‘निळा असू द्या’. व्याख्यानातलं हे वाक्य मला सगळ्यांत भयंकर वाटलं. निळा पंप, सालब्युटॅमॉल, फक्त स्नायू सैल करतो. त्याला इओसिनोफिल माहीत नाहीत, अस्तराची दवंडी माहीत नाही. पण पाच मिनिटांत छाती मोकळी होते, म्हणून रुग्णाला तोच खरा मित्र वाटतो. 1960 च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये याच जातीच्या, पण फार कडक मात्रेच्या आयसोप्रेनलिन पंपाबरोबर दम्याचे मृत्यू वाढले. 1976 नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल आलं आणि मृत्यू पुन्हा उसळले. तिथल्याच संशोधकांनी 1989 मध्ये औषधाकडे बोट दाखवलं, वापर आटला आणि मृत्यू उतरले. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातली औषधांची नोंद तपासून 2000 साली छापलेला अभ्यास तर आजींच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो: वर्षभरात स्टेरॉइड पंपाचा प्रत्येक जादा डबा मृत्यूचा दर 21 टक्क्यांनी उतरवत होता, आणि पंप सोडलेल्यांत पहिल्या तीन महिन्यांत मृत्यू जास्त होते. जगभरच्या दम्याच्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या जीना या संस्थेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रौढ किंवा किशोरवयीन दमेकऱ्याला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. वक्ते नेमकं तेच सुचवून गेले.

स्नायूचा मुद्दा इथेच पुरा करतो, कारण तो सर्वांत ताजा आणि सर्वांत अनपेक्षित आहे. 2011 मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी सौम्य दम्याच्या स्वयंसेवकांना मेथाकोलिन हुंगवलं. त्याने स्नायू आवळतो, पण इओसिनोफिल येत नाहीत. तीनदा आवळलेल्या श्वासनलिकांचं अस्तर शेवटच्या खेपेनंतर चार दिवसांनी तपासलं तर त्याखालचा थर जाड होऊ लागला होता, वावड्याची धूळ हुंगलेल्यांच्या इतकाच. पांढऱ्या पेशींचं बोट न लागता. 2024 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने उंदरांत आणि माणसांच्या ऊतीत दाखवलं की स्नायू आवळला की अस्तराच्या पेशी गर्दीच्या लोकलमधल्या माणसांसारख्या दाबल्या जातात आणि काही जिवंतच बाहेर फेकल्या जातात. भिंत उघडी पडते, दवंडी पुन्हा सुरू होते. नंतर सालब्युटॅमॉल दिलं तरी ही फेकाफेक थांबली नाही. म्हणजे झटका हा दम्याचा शेवटचा अंक नाही, पुढच्या झटक्याची तो पेरणीही करतो. यात ‘शक्ती’ कुणाची, आणि वाढवायची कुठे?

मधे एक किस्सा. 2025 च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत रणधुमाळी माजली, तेव्हा कबुतरांनी दमा होतो का, यावर दोन्ही बाजू ठणकावत होत्या: एक होतो म्हणून, एक होत नाही म्हणून. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला होणारा जो गंभीर आजार डॉक्टरांना धास्तावतो तो खोल वायुकोशांतला असतो, तिथे वेगळी प्रतिपिंडं आणि टी पेशी गुंतलेल्या असतात, आणि त्याने फुप्फुस हळूहळू निबर होतं. दमा वरच्या नळ्यांचा. पेशी आणि जागा विचारल्याशिवाय हे दोन आजार वेगळे करता येत नाहीत, आणि गल्लत झाली तर उपचार चुकतात.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के भारतात आहेत. दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र 42 टक्क्यांच्या आसपास आपल्याकडे. आपल्या पेशी काही जगावेगळ्या नाहीत. मेपोलिझुमॅब किंवा टेझेपेलुमॅब आपल्यातल्या मोजक्यांनाच परवडेल, आणि बहुतेकांना ते लागतही नाही. लागतो तो तपकिरी पंप, रोज, आणि नीट ओढलेला.

या ‘नीट’वरून पुन्हा त्या आजी. आभार संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. वक्त्यांचं खोडून काढायला मी इओसिनोफिलपासून सुरुवात केली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘सर, पेशी राहू द्या. चालू ठेवू का, एवढं सांगा.’ म्हटलं, ठेवा, आणि सोडायचा झाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मग म्हटलं, जरा घेऊन दाखवा. पिशवीतून पंप काढला, न हलवताच तोंडाशी धरून दाबला आणि श्वास घेतला तो सेकंदभराने. औषधाचा ढग ओठांतून बाहेर आला. जे आत गेलं ते जिभेवर. चार वर्षं त्या जिभेचा दमा बरा करत होत्या.

दक्षिण आफ्रिकेत 1999 साली डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून, त्यात पंप घट्ट बसवून मुलांना औषध दिलं होतं, आणि ते विकतच्या स्पेसरइतकंच, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये औषधाचा ढग थोपवून धरणाऱ्या नळकांड्याइतकंच, उतरलं होतं. व्यासपीठावर वक्त्यांसाठी ठेवलेली पाण्याची बाटली अजून तिथेच होती, जवळजवळ रिकामी. मी ती आणली. सभागृहाच्या शिपायाकडून चाकू घेतला.